हौसाआत्याचं फारसी व्याकरण

हौसाआत्याची म्हैस फारसीत उठायची आणि फारसीतच बसायची.

लग्न होऊन मी मुरबाडजवळच्या आमच्या गावात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. सकाळी ओटीवर उभी होते. शेजारच्या गोठ्यातून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "पाशो! पाशो, जानम!" आत पसरलेली म्हैस धडपडत उठली. "बिया!" म्हैस दोन पावलं पुढं आली. "आफरीन!" म्हणत त्या बाईनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि चरवी घेऊन ती खाली बसली. धार काढता काढता स्वतःशीच बोलू लागली, "दूद काढते. शीर मीदूशम. दूद गरम हाय. शीर गर्म अस्त." प्रत्येक वाक्य दोनदा. एकदा आपलं, एकदा भलतंच.

मी बिचकून सासूबाईंकडं पाहिलं. त्या निवांत तांदूळ निवडत होत्या.

"ती हौसा," त्या म्हणाल्या. "इरानात होती बारा वरसं. तिच्या म्हशीला मराठी कळत नाय. गुरांचा डाक्टर आला तरी हिलाच मधी उभं ऱ्हावं लागतं."

हौसाआत्या तेव्हा साठीच्या पुढं होती. उंच, काटक, कासोटा घट्ट मारलेला, आणि डोळ्यांत सतत काहीतरी सापडल्याचा आनंद. लग्नानंतर चार वर्षांतच तिचा नवरा गेला होता. पोटी मूल नव्हतं. गावातल्या एका बाईच्या ओळखीनं ती मुंबईला एका इराणी कुटुंबात कामाला लागली. त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंना ती खानम म्हणायची. पुढं खानम आपल्या लेकीकडं शिराझला परत निघाल्या, तेव्हा त्यांनी अट घातली की हौसा येत असेल तरच मी जाते. अशी ही शाळेची पायरीसुद्धा न चढलेली बाई विमानात बसली. खानम गेल्या तेव्हा ती परत आली, दिराच्या घराशेजारी दोन खोल्या बांधून राहिली आणि पुन्हा भातशेतीला लागली. सोबत आणलेल्या वस्तूंपैकी एक गालिचा वाळवीनं खाल्ला, एक चहाची किटली गळायला लागली. भाषा मात्र तिनं टिकवली होती.

"रोज बोलते म्हनून ऱ्हायली," ती सांगायची. "नाय बोलले तं पाय पसरून मरंल ती. गावात कोनाशी बोलू? मंग म्हस हायेच."

मी शहापूरकडच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. रोजचा एसटीचा प्रवास, पायांवर उभं राहून आठ-आठ तास काम. एका संध्याकाळी घरी आले आणि ओटीच्या पायरीवरच बसकण मारली. "आई गं, कंबर दुखते," एवढं तोंडातून गेलं, तर पलीकडून आत्या म्हणाली, "कमरम दर्द मीकोने. बोल."

"काय?"

"बोल तं खरी. कमरम दर्द मीकोने."

मी बोलले. आणि बोलता बोलता दचकलेच, कारण मला समजलं होतं! कमर म्हणजे कंबर, दर्द तर दर्दच. "आत्या, मग ते 'अम' काय मध्येच?"

हा प्रश्न विचारला आणि आत्याचा चेहरा असा उजळला, की मी काहीतरी मोठं काम केलं असावं असं मलाच वाटलं. ती कुंपण ओलांडून आमच्या ओटीवर येऊन बसली.

"अम मंजे माजं. कमरम, माजी कंबर. तुजी असली तं कमरत. तिची असली तं कमरश. आता डोकं दुकतंय बोल. डोक्याला सर बोलतात."

"सरम दर्द मीकोने."

"हात. दस्त."

"दस्तम दर्द मीकोने."

"तुज्या सासूचा हात."

मी क्षणभर थांबले. "दस्तश दर्द मीकोने!"

"आफरीन!" आत्या ओरडली. आतून सासूबाई म्हणाल्या, "माज्या हाताला काय धाड भरलीय?" आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

हे हसू मला किती नवं होतं ते सांगायला हवं. शाळेत असल्यापासून व्याकरण या शब्दाची मी धास्ती घेतलेली. इंग्रजीचे काळ फळ्यावर ओळीनं लिहिले जायचे आणि मी वहीत डोकं खुपसायचे. नर्सिंगची पुढची परीक्षा मी निव्वळ इंग्रजीच्या भीतीनं सोडून दिली होती. मला भाषा येत नाहीत, हे मी स्वतःबद्दल ठरवून टाकलेलं होतं. आणि इथं पायरीवर बसल्या बसल्या, चहा निवायच्या आत, मी एका परक्या भाषेत तीन जणांचं दुखणं सांगू शकत होते.

दुसऱ्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. नियम एकच, रोज एक वाक्य. वाक्य पुस्तकातलं नसायचं. त्या दिवशी जे घडलं असेल त्याचं असायचं. आणि लिहायचं नाही. मी पहिल्या आठवड्यात वही काढली तर तिनं ती उचलून पाटावर ठेवली आणि वर बसली. "कागदावर ठेवलंस तं तोंडात नाय ऱ्हायाचं," ती म्हणाली.

क्रियापद तिनं मला भाकरी खाता खाता शिकवलं. हा शब्द तिला माहीत नव्हता. ती त्याला शेपूट म्हणायची. "नान मीखोरम, मी भाकरी खाते. नान मीखोरी, तू खातेस. मीखोरीम, आमी खातो. मीखोरन, ते खातात. वाक्याचं शेपूट धर गो. शेपूट हातात आलं का जनावर कोनाचं ते कळतं. पुढं मी, तू नाय बोललीस तरी चालंल."

"आणि पाणी पिते?"

"आब मीखोरम."

"अहो, म्हणजे पाणी खाते?"

"खानं-पिनं एकच त्यांच्यात. पोटातच जातं ना सगळं?"

'नको', 'नाही' शिकवताना ती फार खूश असायची. कारण ते तिला आपल्यापेक्षा सरळ वाटायचं. "आपन 'नाय' शेवटाला टाकतो. ते आदीच सांगून मोकळे. नेमीखोरम. खात नाय. मानसाला पुढं आशेला लावत नाय."

एकदा वारा सुटला होता. तिनं मला हाक मारली, "दर रा बेबंद!" मी गोंधळून उभीच. बेबंद म्हणजे आपल्याकडं मोकाट, कसलाच धरबंद नसलेलं. दार बेबंद कसं करायचं? मी दार सताड उघडलं. घरभर पाचोळा आला. आत्या कपाळावर हात मारून हसली. दर म्हणजे दार, बंद म्हणजे बंद, आणि पुढचा 'बे' म्हणजे कर असा हुकूम. जा, ये, आण, लाव, सगळ्या हुकमांना पुढं तो 'बे' किंवा 'बि'. मी म्हटलं, "मग तो 'रा' कशाला?" तर म्हणाली, "ओळखीच्या वस्तूला रा लावतात. नान बिआर, मंजे कुठलीबी भाकरी आन. नान रा बिआर, मंजे ती मगाची आन, आपल्याला ठाऊक हाय ती." पुढं कितीतरी वर्षांनी एका शिकलेल्या माणसाकडून मी हाच नियम ऐकला. त्याला तो सांगायला अर्धा तास लागला.

आणि 'ऊ'ची गोष्ट तर ती दर पाहुण्याला सांगायची. शिराझला गेल्यावर पहिल्याच महिन्यात खानम म्हणाल्या, "ऊ मियाद." कोणीतरी येणार आहे. ऊ म्हणजे तो, असं हिनं धरलं. पुरुष पाहुणा म्हणून डोक्यावरून पदर घेतला, जाडजूड मांस शिजवलं, बाहेर हुक्का मांडला. आणि दारातून आली खानमची ऐंशी वर्षांची, दात नसलेली बहीण! "त्या भाषेत बाई न् बुवा नाय गो वैशे," आत्या मला सांगायची. "तो बी ऊ, ती बी ऊ. वाक्य आयकून कळतच नाय. इचारावं लागतं." मग म्हणायची, "मला ते लई बरं वाटलं व्हतं. इकडं मी रांडमुंड बाई. तिकडं नुसती ऊ."

एवढंच. लगेच ती दुसरं वाक्य शिकवायला लागायची.

वर्ष-दीड वर्षानं एक दिवस असा आला, की मी एसटीतून उतरून घरापर्यंत अक्षरशः पळत आले. आसनगावला रस्त्याकडेला गिर्यारोहकांसाठी एक पाटी लावली होती, 'किल्ले माहुली'. ती पाटी मी शंभरदा पाहिली असेल. त्या दिवशी पाहिली आणि अंगावर काटा आला. किल्ला माहुली नाही, माहुलीचा किल्लाही नाही. किल्ले! आत्या मला आठवडाभर एक गाठ शिकवत होती. दोन शब्द एकमेकांना बांधायचे असले की पहिल्याच्या शेवटी 'ए' लावायचा. दस्त-ए-मन, माझा हात. शीर-ए-गावमीश, म्हशीचं दूध. आणि ती गाठ इथं आमच्या डोंगरावर बसलेली! मग बसमध्ये मला थांबताच येईना. कार्यालयातून येणाऱ्या कागदावर 'माहे जून' असतं, ते माह-ए-जून. जमिनीच्या उताऱ्यावर 'मौजे' असतं, तीही गाठच. 'रुग्णालयातर्फे' यातला तर्फे, तीसुद्धा!

आत्या खळ्यात भात वारवत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"किल्ले माहुली," ती हळूच म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली. मग सूप उचलून दिराच्या दारात गेली आणि ओरडली, "अरे, तुमी सगळे फारशी बोलता रे! सातबारावर फारशी हाय तुमच्या! मला येडी बोलत व्हता, तुमीच बोलता!" त्या दिवशी तिनं शेजारच्या चार घरांत जाऊन हे सांगितलं. मला आजवर कुठल्याही परीक्षेत असा आनंद झाला नव्हता. मी सोडलेली इंग्रजीची परीक्षा त्या वर्षी दिली आणि पास झाले. ते तिला सांगितलं तर म्हणाली, "ती इंग्रजी तुजी तू बग. 'पास'ला फारशीत काय बोलतात ते मला ठाऊक नाय."

आता तो दिवस.

भातकापणी सुरू होती. सकाळी अकराच्या सुमाराला खर्डीच्या पुढं महामार्गावर एक गाडी उतारावरून खाली कलंडली. रस्त्यावरच्या लोकांनी तिघांना बाहेर काढून आमच्याकडं पाठवलं. चालक आणि एक तरुण, दोघेही बेशुद्ध. तिसरी एक वयस्क बाई, गोरी, डोक्याला रुमाल, गळ्याखालचं हाड मोडलेलं. ती शुद्धीवर होती आणि जिवाच्या आकांतानं ओरडत होती. "नवम! नवम!"

"नाव सांगतेय," कोणीतरी म्हणालं. कागद-पेन आणलं. तिनं तो कागद भिरकावला. डॉक्टर तिला धीर देत होते, मोडलेलं हाड हलू नये म्हणून दोघी जणी तिचे हात धरून होत्या, आणि ती नुसती आक्रोश करत होती. पारपत्र कोणाच्या तरी हाती लागलं. इराणचं होतं. आमच्या मोठ्या सिस्टर वरच्या मजल्यावर मला बोलवायला धावत आल्या, "वैशाली, तुला ते काहीतरी येतं ना? चल खाली!"

मी जिना उतरत होते. मला म्हशीशी बोलायची भाषा येते, मी मनात म्हणत होते. माणसाशी मी कधी बोललेच नाही.

खाटेजवळ गेले. बाई ओरडली, "नवम कोजास्त? नवम कोजास्त?"

'कोजास्त' मला पक्कं माहीत होतं. आत्याची म्हैस आठवड्यातून दोनदा दावं तोडून जायची आणि आत्या गावभर "गावमीश कोजास्त?" करत फिरायची. कोजास्त म्हणजे कुठं आहे. आणि शेवटी 'अम'. म्हणजे नाव वगैरे काही नाही. 'माझं नव कुठं आहे?' नव म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. पण तिचं काहीतरी होतं आणि ते हरवलं होतं.

मी तिच्या तोंडाजवळ वाकले. "नव यानी ची?" नव म्हणजे काय?

ती एकदम गप्प झाली. इतक्या गोंगाटात तिला तिची भाषा ऐकू आली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि एक एक शब्द तोडून म्हणाली, "बच्चे-ये पेसरम."

बच्चे कोणालाही कळेल. मध्ये गाठ. पेसर म्हणजे मुलगा. शेवटी अम. माझ्या मुलाचं मूल.

"नातवंड!" मी किंचाळले. "गाडीत अजून एक मूल होतं!"

हवालदार दारातच होते. ते ताडकन पुढं आले. "मुलगा का मुलगी? वय?"

आणि मला कळलं की तिच्या एवढ्या बोलण्यातून ते समजणारच नाही. विचारावं लागणार. "दोख्तर या पेसर?"

"दोख्तर! चहार सालशे!"

"मुलगी, चार वर्षांची," मी म्हणाले, पण 'चहार साल' तोवर हवालदारांनाच समजलं होतं. ते वायरलेसवर बोलत बाहेर पळाले.

पुढचा पाऊण तास मी त्या बाईचा हात धरून बसले. तिचं नाव परवीन. बेशुद्ध तरुण तिचा मुलगा. त्याला मुंबईत नोकरी लागली होती, आई आणि लेक त्याच्याकडं आल्या होत्या आणि तिघं नाशिकला निघाले होते. हे सगळं मी मोडक्यातोडक्या वाक्यांनी काढून घेतलं. चुका किती केल्या त्याला गणती नाही. आत्या म्हणायची, "मोडकं बोल पन बोल. मोडक्या हाडाचं मानूस घरी जातं, मुकं मानूस दारातच ऱ्हातं."

मग हवालदारांचा फोन आला. पोर सापडली होती. गाडीतून बाहेर पडून ती उतारानं खाली चालत गेली होती. पाड्यावरच्या एका म्हातारीला ती शेताच्या बांधावर दिसली. म्हातारीनं तिला घरी नेलं, पाणी पाजलं, आणि पोलीस पाटलाला सांगायला आपल्या लेकाला धाडलं. पण खाकी कपडे पाहिल्यावर पोर घाबरून भाताच्या कणगीमागं शिरली होती. कोणी हात घातला की चावत होती. परवीनला तोवर क्ष-किरण तपासणीसाठी आत नेलेलं.

"मॅडम, तुमी बोला तिच्याशी," हवालदार म्हणाले. त्यांनी फोन कणगीजवळ धरला. मी बोलले, पण एका वाक्यात दुसरं मिसळत होतं. पलीकडं पोर आणखीच रडू लागली. तेव्हा मी वॉर्डातल्या सिस्टरचा फोन घेतला आणि हौसाआत्याला लावला. ती शेतावर होती.

"कोन?" ती ओरडली.

दोन वाक्यांत मी सांगितलं. मग दोन्ही फोन स्पीकरवर टाकून एकमेकांच्या तोंडाला लावले आणि तसेच धरून उभी राहिले.

मग आत्याचा आवाज आला. रोज सकाळी ऐकायचे तोच, पण दुधाच्या सायीसारखा मऊ झालेला. "नतर्स, जानम. नतर्स. बिया." भिऊ नको. ये. "मादरबोजोर्ग ईनजास्त." आजी इथं आहे.

रडणं थांबलं. मग एक बारीकसा, संशयानं भरलेला आवाज आला, "तो की हस्ती?" तू कोण?

"मन हौसा," आत्या म्हणाली.

एवढंच तिचं उत्तर. ते पोरीला पुरलं असावं. पलीकडं एकदम गलका झाला आणि हवालदार ओरडले, "आली! आली बाहेर!" आमच्या वॉर्डात टाळ्या वाजल्या. मोठ्या सिस्टर रडत होत्या. आणि फोनमधून आत्या विचारत होती, "वैशे, आली का गो? मी बरूबर बोल्ले का? नतर्स बोल्ले, का नातर्स बोल्ले?"

परवीनचा मुलगा तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला, चालक त्याच्या आधीच. तीन आठवड्यांनी ते सगळे गाडी करून आमच्या गावी आले. परवीनचा हात गळ्यात बांधलेला होता. आत्यानं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि ती पहाटेपासून येरझाऱ्या घालत होती. "माजी फारशी जुनी हाय गो. बुरशी आली असंल तिला," ती मला चारदा म्हणाली.

परवीन ओटीवर चढली. आत्या म्हणाली, "खोश आमदीद, खानम. बेफरमाईद." या, बाईसाहेब, बसा. परवीननं उत्तर दिलं. मग आत्या काही म्हणाली, परवीन काही म्हणाली, आणि त्यानंतर त्या दोघींना आम्ही कोणी दिसलो नाही. मला अर्धंमुर्धं समजत होतं. शिराझच्या एका गल्लीत कोपऱ्यावर नानवाला होता, तो दोघींनाही माहीत होता, कारण परवीनचं आजोळ तिथलंच. पोर आत्याच्या मांडीवर बसून गुळाचा खडा चोखत होती. परवीन मध्येच हसायला लागली आणि तिच्या मुलानं मला हिंदीत समजावलं, "अम्मी कहती हैं, ये तो उनकी नानी की तरह बोलती हैं. ऐसे लफ़्ज़ अब कोई नहीं बोलता."

गाडी गेल्यावर आत्या बराच वेळ ओटीवर बसून राहिली. मी जवळ गेले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

"इकडं आल्यापासून पंचवीस वरसं बोलते मी," ती म्हणाली. "पंचवीस वरसांनी आज मला कोनी उलटा जबाब दिला."

त्यानंतर दर शुक्रवारी परवीनचा व्हिडिओ कॉल यायचा. माझ्या फोनवर, कारण आत्याचा साधा. मी फोन भिंतीला टेकवून द्यायचे आणि शेजारी भाजी निवडत बसायचे. त्या दोघींच्या तोंडून मी जी फारसी ऐकली ती रोज एका वाक्यानं कधीच आली नसती. परवीन आत्याच्या चुका काढायची आणि आत्या भांडायची, "खानम अशीच बोलायची!" मग परवीनच माघार घ्यायची. असं दोन वर्षं चाललं.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. पाच दिवसांचा ताप, छातीत कफ. आमच्याच रुग्णालयात, माझ्याच पाळीत. शेवटच्या दिवशी ती कुठल्या भाषेत पुटपुटत होती ते मला नीट कळलं नाही, आणि शांतपणे कान लावून ऐकायला मी तेव्हा परिचारिका उरले नव्हते, घरचं माणूस झाले होते.

शुक्रवार आला. फोन वाजला. परवीनला काहीच माहीत नव्हतं. ती हसत पडद्यावर आली, केसांना मेंदी लावली होती, आणि आत्या कुठं दिसते का म्हणून माझ्या मागं बघू लागली. मी दुपारपासून वाक्य जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही.

"परवीनखानम," मी म्हणाले, "हौसा रफ्त." हौसा गेली. आणि पाठोपाठ, "मन तनहा शोदम." मी एकटी पडले.

परवीननं तोंडावर हात ठेवला. बराच वेळ आम्ही दोघी नुसत्या रडलो. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "तनहा नीस्ती." तू एकटी नाहीस. आणि तिनं विचारायला सुरुवात केली. काय झालं, किती दिवस ताप होता, शेवटी त्रास झाला का, कोण कोण होतं जवळ, तिच्या शेताचं आता काय. मी एकेक सांगत गेले. मग आम्ही तिच्या खोड्या आठवल्या, तिची भांडणं आठवली, आणि रडता रडता हसलो. बाहेर सासूबाई दिवा लावून कधी आत आल्या, कधी माझ्याकडं बघत दारातच थांबल्या, मला कळलं नाही.

फोन ठेवला तेव्हा त्या म्हणाल्या, "तासभर बोललीस गो तू. सगळी तिचीच भाषा."

तोवर ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.